नळीतली काजळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं आजोळ सावंतवाडी तालुक्यातलं. मामांकडे एक ठासणीची बंदूक होती. शेतीच्या संरक्षणासाठी परवाना मिळालेली, दाराच्या मागे दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि मामा रात्री मळ्यात माचावर जाऊन बसायचे. डुक्कर मिळाल्याचं मला फारसं आठवत नाही, पण बार निघाल्याचं आठवतं. आणि पहाटे मामा परत आले की पहिली हाक आठवते ती गरम पाण्यासाठी. आम्हा मुलांना वाटायचं, रात्रभर दवात बसलेत, आंघोळ करणार असतील. पण ते पाणी बंदुकीसाठी असायचं. मामी एकदा म्हणाल्या, आधी स्वतः तरी न्हाऊन घ्या. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं : "माणूस फाल्यां न्हालो तरी चलात, बंदूक आजच न्हावक व्हयी."

नळीच्या मागच्या छोट्या तोटीत लाकडाची खुंटी बसवायची, नरसाळ्याने कढत पाणी ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायची. बाहेर पडणारं पाणी शाईसारखं काळं असायचं आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास यायचा. दुसरं पाणी, तिसरं पाणी, असं पाणी नितळ येईपर्यंत चालायचं. कढत पाण्याने नळी इतकी तापायची की शेवटी ती आपली आपणच कोरडी व्हायची. मग तेलाचा हात.

हा वास आणि हे काळं पाणी कशाचं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आणि त्याहून उशिरा कळलं ते हे, की आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येणारी १८५७ची काडतुसं आणि मामांच्या अंगणातलं हे काळं पाणी यांचं नातं अगदी जवळचं आहे. काडतुसाला चरबी लावली होती हे आपण सगळे जाणतो. ती का लावली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. आज त्या 'का'बद्दल बोलायचं आहे.

जुनी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. इंग्रजी लष्कराच्या दारूत शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक असं प्रमाण असे. आपल्याला वाटतं, बार उडाला की दारू जळून तिचा धूर झाला, संपलं. तसं होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोन शास्त्रज्ञांनी बंद पोलादी भांड्यात दारू जाळून, मागे राहिलेलं सगळं तोलून पाहिलं आणि १८७५ मध्ये आपले निष्कर्ष छापले. दारूच्या वजनापैकी निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. उरलेला सत्तावन्न टक्क्यांच्या आसपासचा भाग घनरूप असतो, म्हणजे क्षार आणि राख. त्यातला काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर फेकला जातो आणि उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. गोळी ढकलायला निम्मीसुद्धा दारू उपयोगी पडत नाही आणि बाकीची नळी घाण करते, असं म्हटलं तरी चालेल.

या थराला आपण काजळी म्हणतो, पण ती दिव्याच्या काचेवरच्या काजळीसारखी मऊ नसते. तिच्यात चुलीच्या राखेत असतो तोच खार असतो आणि गंधकाचे क्षार असतात. हा खार हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकणातल्या दमट हवेत तो रात्रभरात चिघळतो आणि सकाळपर्यंत लोखंडाला गंज धरतो. मामांची घाई त्यासाठी होती. कोरड्या, तापलेल्या हवेत याच्या उलट होतं. पातेल्याच्या बुडाला करपलेलं दूध जसं धरतं तसं हे कीट नळीला घट्ट धरतं. पहिल्या बारानंतर त्याचा पातळ थर असतो. दहाव्या बारापर्यंत दारूच्या जागेजवळ चांगलं कडं तयार होतं. तेलाने ते निघत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत. ते पाण्यातच विरघळतात, आणि कढत पाण्यात लवकर.

आता ही काजळी एवढी मोठी अडचण का? कारण बंदूक तोंडाकडून भरायची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत घालून, गजाने थेट बुडापर्यंत ठासायची. मध्ये कीट आलं की गोळी वाटेतच अडकणार. ती अर्ध्यावर अडकली असताना बार काढला तर नळी फुटण्याची भीती. समोर शत्रू आणि हातातली बंदूक ना भरलेली ना रिकामी, अशी शिपायाची गत व्हायची.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी फौजांनी यावर सोपा तोडगा काढला होता. गोळी नळीपेक्षा चांगली लहान करायची. ज्या बंदुकीला त्यांचे शिपाई 'ब्राऊन बेस' म्हणत, तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरची. मधल्या दीड मिलिमीटरमध्ये कितीतरी काजळी मावत असे. गोळी नुसती सोडली तरी घरंगळत खाली जायची. पण तीच गोळी बाहेर पडताना नळीच्या भिंतींवर आपटत, हेलकावे खात निघायची आणि शंभर यार्डांपलीकडे ती कुठे जाईल ते सांगता येत नसे. म्हणून तर शिपायांना खांद्याला खांदा लावून उभं करत आणि सगळ्यांचा बार एकदम काढत. कोणाची तरी गोळी कोणाला तरी लागेल, एवढाच हिशेब. माझ्या मते त्या काळची सगळी कवायत या दीड मिलिमीटरमधून निघाली आहे. लष्करी इतिहासाच्या जाणकारांना हे थोडं अतिरंजित वाटेल, तरी मी ते मागे घेणार नाही.

अचूक नेम हवा तर नळीच्या आत आटे पाडायचे. स्क्रूच्या आट्यांसारखे हे आटे गोळीला फिरकी देतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. ही युक्ती युरोपात सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. पण आट्यांनी गोळी पकडायची तर ती नळीत घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी म्हणजे काजळीशी थेट गाठ. शिवाय आट्यांच्या खाचा म्हणजे काजळीला बसायला आयत्या जागा. शिकारी माणूस प्रत्येक बारानंतर सावकाश नळी पुसू शकतो. लढाईत तेवढी सवड कोण देणार? इंग्रजांनी १८०० साली 'बेकर' रायफल घेतली, तेव्हा सुरुवातीला गोळी आत ठोकण्यासाठी शिपायांना चक्क लाकडी मोगऱ्या दिल्या होत्या. त्या लवकरच टाकून द्याव्या लागल्या. गोळीभोवती तेलकट चिंधी गुंडाळण्याची पद्धत राहिली, कारण चिंधी जाता जाता नळी पुसायची आणि स्निग्धतेने कीट मऊ पडायचं. १८३७च्या सुमाराची 'ब्रन्सविक' रायफल तर काही बारांनंतर भरता भरता घामाघूम करायची. रायफल हे मूठभर निवडक नेमबाजांचं हत्यार राहिलं ते या काजळीमुळे.

मग कोडं असं पडलं : जाताना सैल आणि येताना घट्ट अशी गोळी करता येईल का?

या कोड्याच्या उत्तरात आपल्याकडचा एक धागा आहे. दक्षिण हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेल्या जॉन नॉर्टन नावाच्या इंग्रज कॅप्टनने तिथल्या लोकांची फुंकनळी पाहिली, अशी हकीकत सांगितली जाते. नळीतून फुंकरीने बाण मारतात ती. बाणाच्या बुडाशी मऊ, लवचीक भेंड लावलेलं असे. फुंकर मारली की ते फुगून नळी बंद करी आणि हवा वाया जात नसे. त्यावरून नॉर्टनने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी सुचवली. ती नाकारली गेली. पुढे विल्यम ग्रीनर या बंदूककाराने तशीच कल्पना १८३०च्या दशकात मांडली, तीही नाकारली गेली. मग १८४९च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद एतिएन मिनिए या कॅप्टनने तीच गोष्ट करून दाखवली आणि इंग्रज सरकारने त्याला वीस हजार पौंड मोजले. ग्रीनरने तक्रार केल्यावर त्याला १८५७ मध्ये एक हजार पौंड मिळाले. फुंकनळीवाल्याला अर्थातच काही मिळालं नाही.

मिनिएची गोळी सैल असते, सहज खाली जाते. बार उडाला की वायूच्या दाबाने तिचं पोकळ बूड फुगतं आणि ती आट्यांत घट्ट बसते. या तत्त्वावर लंडनजवळच्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५३ची रायफल बनली. तिची नळी ०.५७७ इंचांची, म्हणजे साधारण १४.६६ मिलिमीटर. सुरुवातीची गोळी ०.५६८ इंचांची, म्हणजे १४.४३ मिलिमीटर. दोहोंमधलं अंतर पाव मिलिमीटरपेक्षाही कमी! 'ब्राऊन बेस'च्या दीड मिलिमीटरशी तुलना करून पाहा. एवढ्याशा फटीत काजळी मावणार कशी? तर ती मावू द्यायचीच नाही, प्रत्येक गोळीने आधीच्या बाराची काजळी पुसत खाली जायचं. त्यासाठी काडतुसाचं गोळीकडचं टोक वितळलेल्या चरबी-मेणात बुडवून काढत. या गोळीला बाहेरून खाचा नव्हत्या, म्हणून चरबी धरून ठेवायचं काम कागदाचं. गोळी कागदासकट नळीत जायची आणि कागदावरची चरबी कीट मऊ करत, पुसत जायची.

म्हणजे मामा घरी आल्यावर गरम पाण्याने करत, त्यातलं थोडंसं काम ती चरबी लढाईत, दर गोळीमागे करत होती. चरबी नसती तर पाचपंचवीस बारांत ती नवी रायफल अडून बसली असती.

काडतूस भरायची रीतही नीट पाहिली पाहिजे. कागदाच्या नळकांड्यात एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून चरबीचं टोक नळीच्या तोंडात बसवायचं, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने ठासायचं. म्हणजे दात लागायचे ते टोक चरबीचं नव्हेच! कारखान्यातल्या माणसांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटत होता. पण काडतुसं एकत्र बांधलेली, हवा उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हाळ्याची आणि चरबी पातळ होऊन पसरणारी. आणि समजा पसरली नाही, तरी ज्या हाताने ती चिमटीत धरायची तो हात आणि तोंड यांत अंतर किती?

चरबी कुठल्या प्राण्याची, हा पुढचा प्रश्न. १८५३ मध्ये चरबी लावलेली काडतुसं इथल्या हवेत टिकतात का हे पाहायला विलायतेहून आली, तेव्हा बंगाल लष्कराचे ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लिहून ठेवलं होतं, की ही चरबी शिपायांना आक्षेपार्ह वाटणार नाही याची खात्री करून घ्या. कागद कुठल्या तरी फाइलीत राहिला. पुढे कलकत्त्यात काडतुसं तयार होऊ लागली तेव्हा चरबी पुरवणाऱ्याला ती कोणत्या जनावराची असावी, याची अट घातलेली नव्हती. आक्षेपार्ह चरबी टाळण्याची खास काळजी घेतली गेली नाही, हे सरकारी चौकशीत लष्करी अधिकाऱ्यांनीच मान्य केलं. हा कट होता असं मला वाटत नाही. ज्यांनी मिश्रण ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त नळी होती. काडतूस नळीपर्यंत पोचण्याआधी माणसाच्या तोंडाजवळून जातं, एवढं त्यांना दिसलं नाही. पण न दिसण्यालाही जबाबदारी असतेच.

पुढचं आपल्याला माहीत आहे. जानेवारी १८५७, कलकत्त्याजवळचं दमदम. तिथे नव्या रायफलीचं शिक्षण द्यायची शाळा होती. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातलं पाणी मागितलं. शिपायाने जातीमुळे नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच गाई-डुकरांच्या चरबीची काडतुसं तुम्हाला दातांनी तोडायची आहेत, मग कसली जात! ही हकीकत कॅप्टन राईटने वर कळवली. जनरल हिअर्सीला तिचं गांभीर्य कळलं. शिपायांनी आपलं वंगण आपणच बाजारातून आणावं, तूप-मेण काय हवं ते लावावं, अशी मुभा त्याच महिन्यात देण्यात आली. नंतर दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही निघाली. पण मुभा दिली याचाच अर्थ शिपायांनी असा घेतला, की आधी जे ऐकलं ते खरं होतं. संशय आला तो कागदावरही. २६ फेब्रुवारीला बहरामपूरला १९व्या पलटणीने काडतुसं नाकारली, ती जुनीच होती. २४ एप्रिलला मेरठला ९० पैकी ८५ स्वारांनी नाकारली, तीही जुनी, आणि ती हाताने फाडायची रीत दाखवण्यासाठीच ती परेड बोलावलेली होती! १० मे रोजी मेरठ पेटलं. उठावाची कारणं अनेक होती. अवध १८५६ मध्येच खालसा झालं होतं, त्याच वर्षी नव्या भरतीवर समुद्रापार जाण्याची अटही आली होती. नुसत्या चरबीने एवढा वणवा पेटत नाही. पण ठिणगी कुठली, तर हीच.

आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. त्यांनी पुढे लिहिलेल्या 'माझा प्रवास'मध्ये काडतुसांची हकीकत आहे. कोकणातल्या एका भिक्षुकापर्यंत ती गोष्ट वाटेतच पोचली, यावरून तिचा वेग कळतो.

या प्रकरणातला मला सर्वांत चटका लावणारा भाग मात्र याच्यापुढचा आहे. चरबीचं ते मिश्रण तांत्रिकदृष्ट्याही चांगलं नव्हतं! जनावराची चरबी उन्हात वितळते, कागदात जिरते, आणि कोरडा कागद काजळी पुसत नाही. शिवाय जुन्या चरबीतलं आम्ल शिशाला खातं, गोळीवर पांढरा थर धरतो आणि आधीच बेताच्या फटीत ती आणखी फुगते. १८५७-५८च्या धुमश्चक्रीत इंग्रज शिपायांना गोळ्या ठासताना नाकी नऊ आले. तेव्हा गोळी ०.५५ इंचांपर्यंत लहान केली गेली, म्हणजे फट जवळजवळ तिप्पट झाली. आणि वंगण म्हणून लष्कराने अखेर पसंत केलं ते शुद्ध मेण. मधमाशांचं मेण! ते उन्हात टिकतं, शिशाला खात नाही आणि कुणाच्या धर्माच्या आड येत नाही. शिपायांना चाललं असतं तेच बंदुकीलाही चाललं असतं. हे १८५३ मध्ये, टकरच्या पत्राच्या वेळी, करून पाहायला कोणाची हरकत होती?

हिंदी शिपायांना त्याचा लाभ झालाच नाही. उठाव मोडल्यावर त्यांच्यासाठी वेगळ्या बंदुका निघाल्या. दिसायला हुबेहूब एन्फिल्ड, पण नळी आतून ०.६५६ इंचांपर्यंत रुंद केलेली आणि आटे काढून टाकलेली. त्यांत काजळीची अडचण नव्हती, कारण त्यांत नेमही नव्हता. हिंदी शिपायाला पुन्हा सैल गोळीच्या काळात नेऊन ठेवलं, आणि ते जाणूनबुजून. १८६६ मध्ये मागून भरायची 'स्नायडर' रायफल इंग्रजी लष्कराने घेतली, काडतूस दातांनी फाडायची वेळ राहिली नाही. फ्रान्समध्ये १८८४ मध्ये बिनधुराची दारू निघाली आणि मग लष्करांच्या लेखी ही काजळीच संपली. संपली नाही ती आमच्या कोकणासारख्या ठिकाणी, जिथे ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्या घरात राहिली.

एका निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे मामांची बंदूक जमा करावी लागली. पावसाळ्याचे दिवस. नेताना धुवायचं राहून गेलं होतं, आदल्या रात्रीच बार काढलेला. परत मिळाली तेव्हा गज अर्ध्यावर जाऊन थांबला. गंज आणि कीट मिळून बुडाशी दगड झाला होता. शेजारी म्हणाले, लोखंडी सळई घालून खरवडा. मामांनी ऐकलं नाही. खरवडलं की नळीला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळचं कीट त्या ओरखड्यांतच रुतून बसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तोटीत खुंटी मारली, नळी कढत पाण्याने काठोकाठ भरली आणि माजघराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. संध्याकाळी ओतली, चिंधी फिरवली, पुन्हा भरली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी गज बुडाला टेकल्याचा टण् असा आवाज आला.

मग मामी आतून कोकमतेलाचा गोळा घेऊन आल्या. पायांच्या भेगांना लावतात तेच, मेणासारखं घट्ट. मामांनी तो चिंधीवर घासला आणि गज नळीत घातला.